ऊन आणि साखरेचा आजार

मंडळी, आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाणी कमी, पण ऊन भरपूर. तरीही उन्हापासून मिळणारे एक सत्त्व पुष्कळांच्या अंगात कमी भरते. त्याला 'ड' जीवनसत्त्व म्हणतात.

हे सत्त्व ताटातून थोडेच मिळते. अंड्याच्या बलकात आणि मासळीत ते असते. भाकरीत, डाळीत नसते. कातडीवर ऊन पडले म्हणजे ते अंगातच तयार होते. मग अन्नातले कॅल्शियम हाडांना लागते.

शेतात खुरपणाऱ्या बाईला ऊन मिळते. पण दिवसभर गादीवर बसणारा दुकानदार, घरात पडून असलेली म्हातारी माणसं, अंधाऱ्या खोलीतली बाळंतीण यांना ते कुठून मिळणार? खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामी उपयोगाचे नाही.

आता शुगरचे पाहू. शुगर असलेल्यांच्या अंगात 'ड' अनेकदा कमी असते. हे ऐकून आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी शुगरची रोजची गोळी सोडली आणि 'ड'च्या पुड्या सुरू केल्या. "गुरुजी, आजाराचं मूळच उपटतो," म्हणाले. दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना, तेव्हा दवाखाना गाठला. साखर फार चढली होती.

त्यांचे चुकले कुठे? पाऊस आला की बेडूक ओरडतात. म्हणून बेडकाने पाऊस येतो का? धोंडी काढूनही आभाळ कोरडेच राहिलेले आम्ही कितीदा पाहिले आहे! माणूस बसून राहिला, पोट सुटले, की शुगर वाढते. त्याच बसण्याने ऊनही मिळत नाही. शिवाय 'ड' चरबीत मुरते आणि रक्तात कमी दिसते. म्हणजे दोन्हींचे मूळ एकच असू शकते.

हे पाहायला अमेरिकेत मोठी परीक्षा झाली. शुगरच्या उंबरठ्यावरची २,४२३ माणसे घेतली. निम्म्यांना रोज 'ड'ची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. निकाल २०१९ साली आला. सुमारे अडीच वर्षांत 'ड' घेणाऱ्या २९३ जणांना मधुमेह झाला, बाकीच्यांत ३२३ जणांना. एवढ्या फरकावरून गोळीने आजार टळतो असे म्हणता येईना. पुढे अशा काही परीक्षा एकत्र पाहिल्या, तेव्हा उंबरठ्यावरच्यांना थोडा गुण येतो असे दिसले. पण आजार जडल्यावर शुगरची गोळी सोडा, असे त्यात कुठेच नाही.

डॉक्टरांना न विचारता पुड्या घेत राहिले तर रक्तात कॅल्शियम वाढते, ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडे बिघडतात. उन्हाने तसे होत नाही. कातडी बेताचेच 'ड' तयार करते.

ऊन कधी घ्यावे? आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा. वैशाखात ती सकाळी साडेनऊलाच आखूड होते. तेव्हा थोडा वेळ बसून सावलीत यावे. पौषात मात्र दुपारी बाराच्या सुमारास माळवदावर बसावे, हातपाय उघडे ठेवून.

ते गृहस्थ आता गोळी घेतात आणि चप्पल घालून रोज ओढ्यापर्यंत चालत जातात. कधी आम्हीही बरोबर असतो.