सिंग्लेट, क्वार्टेट, ट्रिप्लेट आणि माझी केटी

इन्स्ट्रुमेंटल अ‍ॅनालिसिसच्या पेपरात मला ३५ मार्क पडले. पासिंगला ४० लागतात. त्याच पेपरात एनएमआरवर ८ मार्कांचा एक प्रश्न होता आणि तो मी अख्खा चुकवला. गंमत म्हणजे (आता गंमत वाटते, तेव्हा बाबांना फोनवर सांगताना घाम फुटला होता) पेपर देऊन आल्यावर "एनएमआरचा प्रश्न तर हातचा होता" असं विंगभर सांगत फिरणारा मीच!

प्रश्न असा होता. एका पदार्थात ४ कार्बन, ८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. स्पेक्ट्रममध्ये तीन सिग्नल : ३.६७ पीपीएमला सिंग्लेट, २.३ ला क्वार्टेट, १.१५ ला ट्रिप्लेट. क्षेत्रफळांचं प्रमाण ३:२:३. पदार्थ ओळखा. मी बघितलं, ट्रिप्लेट आणि क्वार्टेट, म्हणजे इथाइल ग्रुप. सिंग्लेट म्हणजे सुटा मिथाइल. झालं, इथाइल अ‍ॅसिटेट! दोन मिनिटांत प्रश्न खल्लास आणि पुढच्या पानावर.

निकालानंतर सरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "सर, सिंग्लेट आहे, क्वार्टेट आहे, ट्रिप्लेट आहे. मग चुकलं कुठे?" सरांनी कागदावरच्या खालच्या आडव्या पट्टीवर बोट ठेवलं. "अरे, काय काय आहे ते बघितलंस. कुठे आहे ते बघितलंस का?"

ते मी बघितलं नव्हतं. या वर्षी आपल्याच हॉस्टेलमधली पाच-सहा मुलं हा पेपर देणार आहेत, म्हणून हा लेख.

थोडं मुळापासून. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि तो इवल्याशा लोहचुंबकासारखा वागतो. बाहेरून जोरदार चुंबकीय क्षेत्र लावलं की त्याला दोनच पर्याय : क्षेत्राच्या बाजूने राहायचं किंवा विरुद्ध. बाजूने राहायला ऊर्जा थोडी कमी लागते. योग्य फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी सोडल्या की काही प्रोटॉन ती ऊर्जा घेऊन उलटे होतात, आणि आपल्याला सिग्नल मिळतो. ९.४ टेस्लाच्या चुंबकात ही फ्रिक्वेन्सी ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. एवढ्या प्रचंड चुंबकातसुद्धा दोन गटांतला फरक दर १ लाख प्रोटॉनमागे जेमतेम ३! म्हणून सिग्नल अशक्त असतो आणि यंत्राला तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून बेरीज घ्यावी लागते. 'न्यूक्लिअर' शब्दाला मात्र घाबरू नका, यात किरणोत्सर्ग नाही. हॉस्पिटलमधलं एमआरआय याच तत्त्वावर चालतं.

आता खरा मुद्दा. सगळे प्रोटॉन सारखेच, तर मग सगळ्यांचा सिग्नल एकाच जागी यायला हवा. येत नाही, कारण प्रत्येक प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉनचं पांघरूण असतं आणि ते बाहेरचं क्षेत्र थोडंसं अडवतं. डिसेंबरमध्ये दोन कॉट जोडून एकाच चादरीत झोपलेले दोन रूम पार्टनर आठवा. त्यातला एक जण रात्रभर चादर ओढणारा असतोच. रेणूमध्ये हे काम ऑक्सिजन करतो. त्याला थेट जोडलेल्या कार्बनवरचे हायड्रोजन उघडे पडतात आणि त्यांचा सिग्नल डावीकडे, म्हणजे जास्त पीपीएमला सरकतो. (पट्टी उजवीकडून डावीकडे वाचायची. शून्य उजवीकडे, तिथे टीएमएस हा संदर्भ पदार्थ असतो. सिलिकॉन चादर ओढत नाही, उलट देतो. त्यामुळे त्याचे बाराही हायड्रोजन मस्त गुरफटून झोपलेले.) कार्बोनिल ग्रुपही चादर ओढतो, पण त्याच्या शेजारच्या कार्बनवरच्या हायड्रोजनपर्यंत ती ओढ कमी पोचते. अंदाज लक्षात ठेवा : एस्टरच्या ऑक्सिजनला चिकटलेले ३.६ ते ४.२, कार्बोनिलला चिकटलेले २ ते २.४, दूरचे मिथाइल १ च्या आसपास.

हे सरकणं भौतिकशास्त्रवाल्यांना आधी कटकट वाटलं होतं, कारण त्यांना केंद्रकाचे चुंबकीय गुणधर्म अचूक मोजायचे होते. मग १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या इथेनॉलमधून तीन वेगवेगळे सिग्नल दाखवले, क्षेत्रफळं ३:२:१. रसायनवाल्यांची लॉटरीच लागली! यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी एनएमआरचं संशोधन उभं केलं. आपल्या पाठ्यपुस्तकात ब्लॉक आणि पर्सेल यांचं १९५२ चं नोबेल असतं, धर्मट्टींचं नाव नसतं. असो.

सिग्नलच्या फाटण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो, शेजारी एन तर रेषा एन अधिक १. का, ते व्हायवात विचारतात. शेजारच्या कार्बनवर दोन हायड्रोजन असतील तर ते दोघे वर-वर, वर-खाली, खाली-वर किंवा खाली-खाली असे असू शकतात. मधले दोन प्रकार सारखेच. म्हणून तीन रेषा, १:२:१. शेजारी तीन असतील तर चार रेषा, १:३:३:१. आणि शेजारी कार्बोनिल किंवा ऑक्सिजन असेल तर तिथे हायड्रोजनच नाही, त्यामुळे सिंग्लेट. आणखी एक, उंची मोजू नका. क्वार्टेट चार रेषांत वाटला गेल्याने बुटका दिसतो. मोजायचं ते क्षेत्रफळ, म्हणजे छापील स्पेक्ट्रमवर जी जिन्यासारखी रेघ असते तिच्या पायऱ्या.

आता माझा गुन्हा. इथाइल अ‍ॅसिटेट आणि मिथाइल प्रोपिओनेट, दोघांचं सूत्र एकच. दोघांतही सिंग्लेट, क्वार्टेट, ट्रिप्लेट. दोघांतही ३:२:३. सिग्नल किती, केवढे, कसे फाटलेले, तिन्ही प्रश्नांची उत्तरं हुबेहूब सारखी! फरक फक्त एकाच गोष्टीत : ऑक्सिजनच्या शेजारी झोपलंय कोण? इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये तिथे सीएच-टू आहे, म्हणून क्वार्टेट ४.१ ला जातो आणि सिंग्लेट २.०५ ला राहतो. मिथाइल प्रोपिओनेटमध्ये तिथे मिथाइल आहे, म्हणून सिंग्लेट ३.६७ ला आणि क्वार्टेट २.३ ला. प्रश्नपत्रिकेत ३.६७ छापलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं. उत्तर मिथाइल प्रोपिओनेट.

त्यानंतर मी सवय बदलली. आधी पट्टी बघतो आणि सगळ्यात डावीकडचा सिग्नल कुणाचा ते ठरवतो. रेषा नंतर मोजतो. एकूण हायड्रोजन जुळतात का तेही तपासतो. ७.२६ ला छोटी रेष दिसली तर बेंझिन रिंग समजून नाचू नका, ते बहुधा द्रावकातलं उरलेलं साधं क्लोरोफॉर्म असतं. अल्कोहोलच्या ओएचची जागा ठरलेली नसते. शंका आली तर नळीत थेंबभर जड पाणी घालून हलवतात, ओएचचा सिग्नल नाहीसा होतो.

रिपीट पेपरला एनएमआरचा प्रश्न आला आणि या वेळी बरोबर आला. आता तुमच्यासाठी एक. तेच सूत्र : ४ कार्बन, ८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. स्पेक्ट्रममध्ये एकच सिग्नल, सिंग्लेट, ३.७ पीपीएमला. आठही हायड्रोजन त्यातच. कागदावर काढून आणा, रात्री जेवणानंतर मी मेसबाहेरच्या कट्ट्यावर असतो.