जुनं कॅलेंडर टाकण्याआधी



डिसेंबर संपत आला की आपल्या कसबा बावड्यात कारखान्याचा हंगाम जोरात असतो आणि घराघरांत खिळ्यावर नवं कॅलेंडर लागतं. जुनं कुठं जातं? पोरांच्या वह्यांना कव्हर, फळीवर अंथरायला कागद, नाहीतर चुलीत.

गेल्या वर्षी वस्तीत बी.पी. तपासत फिरताना एक मावशी असंच कॅलेंडर फाडायला बसल्या होत्या. मी म्हटलं, "जरा बघू मावशी." जवळजवळ प्रत्येक चौकोनात काही ना काही होतं. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, भिशी, फायनान्सचा हप्ता, लेकीची पाळी. आणि मधे मधे लाल ठिपके.

"हे काय?"

"डोकं उठलं की ठिपका मारतो बाई."

दोघींनी बसून ठिपके मोजले. बहुतेक सोमवारी आणि मंगळवारी. हप्ता मंगळवारी. मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "वर्षभर पित्त पित्त म्हणून गोळ्या खाल्ल्या की गं मी."

त्या दिवशी त्यांचं बी.पी. १६०/१०० भरलं. डॉक्टरांनी गोळी दिलेली होती, पण मावशी ती फक्त डोकं दुखेल त्या दिवशी घेत होत्या. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बी.पी. वाढलं की डोकं दुखतंच असं नाही. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून गोळी रोज घ्यायची, बरं वाटत असलं तरी.

ठिपक्यांनी मावशींचं कर्ज फिटलं नाही. पण काळजी कुठल्या दिवशी अंगात शिरते हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. त्यांनी घरात विषय काढला, तिसरं कर्ज काढायचं ठरत होतं ते थांबलं आणि गोळी रोज सुरू झाली.

लिहिण्याचा आरोग्याशी काय संबंध?

आपल्या बायका दुखणं सांगत नाहीत. मग तेच दुखणं पाठ, पोट, डोकं, झोप यांतून बाहेर पडतं. मनातलं कागदावर उतरवलं तर काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या कठीण प्रसंगावर लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत, ज्यांनी प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांना दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. नंतरच्या काही अभ्यासांत हा फायदा लहान दिसला, काहींत दिसलाच नाही. म्हणजे वही हे औषध नाही. पण फुकट आहे आणि घरात बसून करता येते.

आपल्याला हे परकं नाही. तथागतांनी राहुलला आरशाचं उदाहरण देऊन समजावलं होतं. जसं आरशात तोंड बघतो, तसं कायेनं, वाचेनं, मनानं केलेलं कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघावं. त्यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होतंय का, हे तपासावं. मज्झिम निकायात हा उपदेश आहे. बाबासाहेबांनीही एवढ्या कामाच्या रगाड्यात, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं, चित्रं काढायला ब्रश धरला. तेव्हा "या वयात हे कसले चाळे" असं कुणी म्हटलं तर त्यांना हे सांगा.

कसं करायचं?

१. जुनं कॅलेंडर घेऊन अर्धा तास बसा. चहा आधीच पिऊन घ्या, नाहीतर मधेच उठाल. जानेवारीपासून एकेक पान वाचा.

२. एका पानाची मागची कोरी बाजू घ्या. बारा चौकोन आखा, बारा महिन्यांचे.

३. प्रत्येक चौकोनात त्या महिन्यातली एक गोष्ट चित्रानं काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. पाळणा, एस.टी., दवाखान्याची खाट, शाळेचा दाखला, काहीही. सुचलं नाही तर पोरांचे खडू घेऊन नुसता रंग भरा.

४. ज्या चौकोनाशी हात अडखळला, त्यावर १५ मिनिटं लिहा. शुद्धलेखन बघू नका. आपण बोलतो तसंच लिहा.

५. शेवटी एकच ओळ लिहा, येत्या वर्षात मी कोणती एक गोष्ट वेगळी करणार. दहा संकल्प नकोत. "बी.पी.ची गोळी रोज", "रविवारी तासभर विहारात बसणार", "बहिणीशी अबोला सोडणार", एवढं पुरे.

लिहिता येत नाही? चित्रावर थांबा. किंवा दारात रांगोळीनं काढा, पाटीवर काढा. पुसून टाकलं तरी चालतं. पाहणं झालं, काम झालं.

वही कुठं ठेवायची?

हा प्रश्न मला प्रत्येक वस्तीत विचारला जातो. फलटणच्या बेबीताई कांबळे घरच्या दुकानात बसून लिहायच्या आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून ते कागद वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. तेच लिखाण १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' म्हणून पुस्तकरूपानं आलं. तेव्हा लपवण्यात लाज नाही. तांदळाच्या डब्यामागे ठेवा, विश्वासू मैत्रिणीकडे ठेवा, लिहून फाडून टाका. आणि घरातल्यांनो, दुसऱ्याची वही उघडू नका. लेकीची तर अजिबात नाही.

सांभाळून

सगळ्यात मोठ्या जखमेपासून सुरुवात करू नका. २०१९ च्या महापुरात काहींचं घर गेलं, कोविडमध्ये काहींची माणसं गेली. त्या पानाला हात लावायची घाई नको. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मी ड्युटीवर होते. त्या वर्षाचा मे महिना मी दोन वर्षं कोरा ठेवला. तिसऱ्या वर्षी त्यात एक रिकामी खाट काढली. त्या रात्री खूप रडले, पण झोप लागली.

रडू आलं तर येऊ द्या. पण लिहिल्यानंतर चार-पाच दिवस झोप लागेना, जेवण जाईना, तेच तेच डोळ्यांपुढे येऊ लागलं, तर लिहिणं थांबवा आणि आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. सी.पी.आर.मध्ये मानसोपचार विभाग आहे. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, १४४१६ या 'टेली मानस'च्या नंबरवर लगेच बोला. तो फुकट आहे, रात्रीही चालतो. घरात मारहाण होत असेल तर १८१ किंवा ११२ लावा. तिथं वही पुरत नाही, माणसं लागतात.

१ जानेवारीला आपल्यातले अनेकजण भीमा कोरेगावला जातील. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेब तिथं गेले होते. स्तंभावर आपल्या माणसांची नावं कोरलेली आहेत, म्हणून ती आज आपण वाचू शकतो. तुमच्या वर्षाची नोंद दुसरं कुणी ठेवणार नाही. ती तुम्हीच ठेवायची आहे.

या महिन्याचा स्वाध्याय: जुनं कॅलेंडर फाडण्याआधी त्यावर स्वतःबद्दल किती नोंदी आहेत ते मोजा. दूध, गॅस, हप्ता सोडून. एकही नसेल, तर नव्या कॅलेंडरवर पहिला ठिपका स्वतःसाठी मारा.