सिग्नल आयसोलेटर : जोडणी आणि कॅलिब्रेशन

१९५० मध्ये प्रवरानगरला सुरुवात झाली आणि आपल्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले. त्यांच्या बॉयलर ड्रममधली पाण्याची पातळी कंट्रोल रूमला ४ ते २० मिलीअँपिअरमध्ये कळते. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला की केबलमधून नको तो करंट फिरतो, रीडिंग खोटं येतं. पाणी कमी असून पुरेसं दिसलं तर ट्यूबच जळतात! म्हणून मध्ये आयसोलेटर.

जोडणी सप्लाय बंद करूनच करावी. केबलचं शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. मग सप्लाय चालू करून इनपुटला ४ देऊन झिरो, २० देऊन स्पॅन लावा. स्पॅन फिरवला की झिरो थोडा हलतो, म्हणून पुन्हा ४ वर या. शेवटी ८, १२, १६ तपासा. मधले आकडेही जुळले, तरच काम झालं समजा.