मालमोटारीची मृगापूर्वीची साफसफाई

आंब्याचा हंगाम उरकला की रत्नागिरीकडील कित्येक बागाइतदार आपली मालमोटार तशीच झाडाखाली उभी करून ठेवितात. मुंबईच्या खेपांत तिजवर बसलेली जांभ्याची धूळ व किनाऱ्यावरील खार यांचे काम मात्र थांबत नाही. मीठ हवेतील ओल धरून ठेविते व गंज झपाट्याने वाढतो. मध्यंतरी मासळीचे भाडे केले असेल, तर बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर उतरलेले असतेच.

कोरड्या फडक्याने गाडी चकचकीत करण्याची क्लीनरांची हौस आम्हांस ठाऊक आहे. तीच रंगाचा घात करिते, कारण धुळीचे कण त्यावर ओरखडे काढितात. प्रथम भरपूर गोडे पाणी वरून खाली सोडावे, मग सौम्य साबण लावावा, व सुकल्यावर मेण चोळावे. चासी खालून जोराने धुवावी.

इंजिन मात्र थंड झाल्याशिवाय पाण्यास हात लावू नये. बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी; हवा घेण्याचे तोंड, आल्टर्नेटर व फ्यूजांची पेटी प्लास्टिकने झाकावी, आणि तेलकट मळी ब्रशाने काढावी. तेथे दाबाचा फवारा नको. बॅटरीच्या टोकांवरील भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. ते पाणी झाकणांच्या आत जाऊ देऊ नये. मागाहून टोकांस व्हॅसलीन लावावे.

केबिनमधील चटया उचलून खालचा पत्रा वाळवावा. दारांच्या तळाची निचऱ्याची भोके काडीने मोकळी करावी; ती बुजली की दार आतून गंजते, व बाहेरील रंग फुगेपर्यंत मालकास पत्ता लागत नाही.