आरोग्यपान : विंचू उतरतो नोंदीने

हिर्डोशीहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. घाटाखाली लाल विंचू फार. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा विंचूदंशाने गंभीर झालेल्या शंभर रुग्णांपैकी तीस-चाळीस दगावत. हमखास उपचार कोणालाच ठाऊक नव्हता.

डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसले आणि लिहीत गेले. विंचू किती वाजता चावला, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, रक्तदाब किती, हातपाय गार कधी पडले. अशा अनेक नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसांत पाणी भरते. मग रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हा अनुभव मांडला आणि तो जगभरच्या डॉक्टरांना उपलब्ध झाला.

यातून आपण काय घ्यायचे? गोळी बाजारात आधीपासून होती. नव्हते ते लिहून ठेवलेले, तपासलेले आणि इतरांना सांगितलेले ज्ञान. एकाच डॉक्टरच्या डोक्यातले ज्ञान त्याच्या बदलीबरोबर निघून जाते. कागदावरचे ज्ञान पुढच्या डॉक्टरला, नर्सला, आशाताईला उपयोगी पडते.

यात आपलाही वाटा आहे. रात्री दवाखान्यात गेल्यावर “कसली तरी पांढरी गोळी दिली होती” एवढेच आपण सांगतो. तेवढ्यावर डॉक्टर काय ठरवणार? म्हणून घरोघर हे करू या :

१. घरातल्या प्रत्येकाचे कागद एका पिशवीत ठेवू या : जुन्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, गोळ्यांची रिकामी पाकिटे, गरोदर बाईचे व बाळाचे कार्ड. कोणते औषध सोसत नाही, तेही ठळक लिहू या.

२. विंचू चावला तर वेळ लिहा. घट्ट बांधू नका, कापू नका, मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नका. दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय, धाप ही धोक्याची लक्षणे. वेदना कमी म्हणजे धोका कमी, असे नाही. लहान मुलांना धोका जास्त. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. प्राझोसिन मात्र डॉक्टरच देतील. घरी देऊ नका.

३. आपल्या आरोग्य केंद्रात विंचूदंश व सर्पदंशावरचे औषध आहे का, हे आशाताईंना आजच विचारून ठेवा.

रविवारी विहारात जमल्यावर हे पान कोणीतरी मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या घरची पिशवी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी लावून द्यावी.