आमच्या जिल्ह्यांतील थडगीं व देवळें : तीन दिवसांच्या सहलीची आंखणी

गेल्या पावसाळ्यांत अवांतर वाचनाच्या तासास मिसर देशाची माहिती चालली होती. थीब्ज नगरीपाशीं नील नदीच्या पूर्वतीरावर देवांचीं प्रचंड देवळें व पश्चिमतीरावरील डोंगरांत राजांचीं थडगीं कशीं आहेत, हें आम्हीं फळ्यावर नदीची रेघ ओढून दाखविलें. सूर्य उगवतो ती बाजू जिवंतांची, मावळतो ती मृतांची, हेंही सांगितलें. इतक्यांत मागल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तेथें जाऊन यावयास किती दिवस लागतील?" त्याच्या शेजाऱ्यानें लागलीच पुस्ती जोडली, "आणि पैसे किती?" वर्ग हंसला व आम्हीही हंसलों. परंतु घरीं आल्यावर तो प्रश्न मनांतून जाईना. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे आईबाप पोराची वह्यापुस्तकें घेतांना दोनदां हिशेब करणारे आहेत. त्यांच्या मुलांस मिसर दाखविणें आमच्या हातीं नाहीं. तथापि देवळें व थडगीं पाहावयाचीं तर त्यासाठीं समुद्र ओलांडलाच पाहिजे असें नाहीं. २०२४ सालापासून सरकारदप्तरीं अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या या अहमदनगर जिल्ह्यांत दोन्हीही आहेत, आणि त्यांतलीं कांहीं थडगीं तर तुतनखामेन राजाच्या काळाचीं आहेत. येत्या हिंवाळ्यांत तिकडे जावयाचें आम्हीं योजिलें आहे. तीच योजना मुलांपुढें व पालकमंडळीपुढें येथें ठेवीत आहों.

आधीं आमची एक चूक सांगतों. कांहीं वर्षांमागें अशीच सहल काढून आम्हीं एका दिवसांत सहा स्थळें दाखविलीं. गाडींतून उतरावें, घाईनें फिरावें, हजेरी घ्यावी व पुन्हां गाडींत बसावें, असें दिवसभर चाललें. दुसऱ्या दिवशीं निबंध लिहावयास सांगितला, तेव्हां निम्म्या मुलांनीं वाटेंतल्या भेळेचें वर्णन लिहिलें. दोष त्यांचा नव्हता. म्हणून या खेपेस एका दिवशीं एकच दिशा धरावयाची, रात्रीं घरीं परत यावयाचें (म्हणजे मुक्कामाचा खर्च नाहीं), आणि गुरुवार, शुक्रवार व शनिवार असे तीन दिवस घ्यावयाचे. रविवारची उपासना कोणाची बुडावयाची नाहीं.

पालकांकडून दोन हरकती आल्या आहेत. एका ख्रिस्ती बंधूंनीं विचारिलें कीं, मिशन शाळेनें मुलांस देवळांत कां न्यावें? आणि एका आईचा निरोप आला, "लेकराला कबरींत नका नेऊं, भिऊन तापानें पडेल." दोन्ही हरकती आम्ही हलक्या मानीत नाहीं. पहिलीस आमचें उत्तर असें कीं, पौल अथेनै शहरांत तेथील वेद्या पाहत हिंडला, व जें पाहिलें त्यावरूनच त्यानें तेथील लोकांशीं बोलणें आरंभिलें. शेजाऱ्याची भक्ति न पाहतां शेजाऱ्याशीं बोलतां येत नाहीं. तेथें पूजा करावी असें आम्ही कोणास सांगणार नाहीं, आणि कोणी करीत असल्यास हंसूंही देणार नाहीं. त्या आईस इतकेंच सांगतों कीं, अब्राहामानें सारेसाठीं मकपेल्याची गुहा चारशें शेकेल रुपें मोजून विकत घेतली, ही गोष्ट आमचीं लहान मुलें शब्बाथ शाळेंत न भितां ऐकतात. ज्याच्या मनांत भीति असेल त्यास आंत नेणार नाहीं. त्यानें बाहेर सावलींत बसून घुमटाचें चित्र काढावें.

पहिला दिवस नगर शहराचा. सकाळीं दिल्ली दरवाज्याबाहेर सीना नदीकांठच्या बागरोजांत जावयाचें. हें शहर वसविणारा अहमद निजामशहा येथें निजला आहे. इ. स. १४९० मध्यें त्यानें याच परिसरांत बहामनी सैन्याचा मोड केला व पुढें येथेंच राजधानी उभारिली. त्याचा बाप मूळचा पाथरीच्या कुळकर्णी घराण्यांतला ब्राह्मण, असें इतिहासकार फिरिश्ता सांगतो. काळ्या दगडाची ही इमारत मोठी नाहीं, पण बांधणी रेखीव आहे. जवळच एका हत्तीची कबर दाखवितात. तालिकोटच्या लढाईंत (१५६५) विजयनगरच्या रामराजास धरणारा तो गुलाम अली हत्ती, अशी लोकांत कथा आहे. कथा खरी कीं खोटी हें मुलांनीं तेथेंच ठरवूं नये. ती कोणी सांगितली व कोणत्या शब्दांत सांगितली, एवढें मात्र वहींत टिपून घ्यावें.

दुपारीं तीन वाजतां पाथर्डीच्या रस्त्यानें निघून मेहेकरीच्या डोंगरावर जावयाचें. गांवांत कोणासही विचारा, तो म्हणेल, "वर चांदबिबीचा महाल आहे." हें नांव चुकीचें आहे, आणि सहल निघण्यापूर्वींच तें मुलांच्या मनांतून काढलें पाहिजे. चांदबिबीनें इ. स. १५९५-९६ मध्यें मोगलांपासून नगरचा किल्ला राखिला. पुढें १६०० च्या सुमारास त्याच किल्ल्यांत आपल्याच माणसांच्या हातून तिचा अंत झाला. या डोंगरावर तिचें कांहीं नाहीं. येथें पुरलेला पुरुष सलाबतखान होय. तो मुर्तजा निजामशहाचा वजीर. फराहबाग पुरी झाली ती याच्याच देखरेखीखालीं, १५८३ सालीं. राजा विक्षिप्त होता व महिनेच्या महिने कोणास तोंड दाखवीत नसे. राज्याचा गाडा सलाबतखान ओढीत असे. एके दिवशीं राजाची मर्जी फिरली व वजिरास कैदेचा हुकूम झाला. सैन्य वजिराच्या बाजूचें होतें, बंड करण्याचा सल्ला देणारेही होते. परंतु त्यानें बेड्या मागवून स्वतःच्या पायांत घालून घेतल्या व तो तुरुंगांत गेला, असें तवारिखांत लिहिलें आहे. १५८८ सालीं राजाचा जीव त्याच्या पोटच्या मुलानेंच घेतला, आणि दुसऱ्याच वर्षीं सलाबतखानही वारला. चांदबिबीचें नांव गोड खरें, पण ज्याची ही कबर त्याचें नांव घेणारा कोणी उरूं नये, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. सहलीचा पहिला धडा तोच. वाटेंत भेटेल त्या गुराख्यास प्रत्येक मुलानें हें नांव नीट सांगावें.

इमारत अष्टकोनी, तीन मजल्यांची, सुमारें ७० फूट उंच आहे. भोंवतीं कमानींच्या ओळी आहेत, व खालीं तळघरांत कबर आहे. उगवतीचे व मावळतीचे किरण कबरीवर पडावे अशी झरोक्यांची योजना आहे, असें जुन्या वर्णनांत आढळतें. हें आम्हांस मुलांकडून पडताळून घ्यावयाचें आहे. दोघांनीं घड्याळ घेऊन तळघरांत बसावें, दोघांनीं वर सूर्य पाहावा, व चौघांनीं आपापली नोंद वेगळी लिहावी. मिसरांत अबू सिंबेलच्या देवळांत वर्षांतून दोनच दिवस, फेब्रुवारीच्या व ऑक्टोबरच्या २२ तारखेच्या सुमारास, पहांटेचे किरण थेट गाभाऱ्यांतील मूर्तींपर्यंत पोंचतात. अस्वानच्या नव्या धरणाचें पाणी चढणार म्हणून तें सबंध देऊळ १९६४ ते १९६८ या काळांत कापून वर नेलें, तरीही किरण अद्याप पोंचतात. दगड व सूर्य यांची सांगड घालणारे गवंडी नीलतीरावर होते, तसे कदाचित् आमच्या डोंगरावरही होते. सूर्य मावळतांच मात्र खालीं उतरावयाचें. अंधार पडल्यावर जिन्यांवर थांबण्याची परवानगी कोणासही मिळणार नाहीं.

दुसरा दिवस पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वरचा. कल्याणच्या रस्त्यानें सुमारें ४० किलोमीटर गेल्यावर टेकडींत कोरलेलें शिवाचें लेणें लागतें. तें साधारण सहाव्या शतकांतलें, म्हणजे सलाबतखानाच्या कबरीहून हजार वर्षांनीं जुनें. थीब्जच्या लोकांनीं डोंगर पोखरला तो मेलेला राजा लपविण्यासाठीं. इकडच्या लोकांनीं पोखरला तो देवासाठीं, व कोणींही यावें म्हणून दार उघडें ठेविलें. आंत गंगा व यमुना पाहाव्या, गाभाऱ्याचे द्वारपाल पाहावे, आणि सप्तमातृकांच्या ओळीपुढें निदान अर्धा तास बसावें. कोणती माता कोणत्या वाहनावरून ओळखावी याचा तक्ता आम्ही आदल्या दिवशीं वर्गांत लावूं. हा एक खांब कोरून उभा करावयाचा नव्हता, भोंवतालचा दगड काढून टाकून तो शिल्लक ठेवावयाचा होता, एवढें ज्या मुलाच्या ध्यानांत आलें त्याचा दिवस कारणीं लागला. सुतारकाम शिकणाऱ्या मुलांस तें आधीं कळेल असा आमचा अनुभव आहे.

रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ व हरिश्चंद्रगड हीं अकोलें तालुक्यांतील स्थळें या यादींत नाहींत, म्हणून मोठ्या वर्गांतील मुलें रुसलीं आहेत. अमृतेश्वराचें शिखर व त्याची पुष्करिणी पाहण्याजोगीं आहेत यांत शंका नाहीं. पण तिकडे धांवत जाऊन धांवत परत येणें म्हणजे पुन्हां भेळेचा निबंध.

तिसरा दिवस नेवाशाचा, व त्याचीच आम्हांस सर्वांत अधिक उत्कंठा आहे. संभाजीनगरच्या रस्त्यानें सुमारें ६० किलोमीटर. मुलांस पैस खांब ठाऊक आहे, कारण ज्ञानदेवांनीं शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, याच गांवीं आपला ग्रंथ सांगितला. मोहिनीराजाचें देऊळ त्या मानानें नवें आहे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं तें अठराव्या शतकांत बांधिलें. त्याच्या भिंतींवरील कोरीव काम सकाळच्या उन्हांत पाहावें. नंतर प्रवरेकांठच्या लाडमोड नांवाच्या टेकाडाकडे वळावयाचें. तेथें दिसेल ती केवळ माती. हें आधींच सांगून ठेवतों, नाहीं तर मुलें म्हणतील कीं सरांनीं फसविलें.

या मातींत डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ मध्यें उत्खनन केलें. सुमारें तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं येथें शेतकरी राहत. तांबें व दगड दोन्ही वापरीत, व चाकावर तांबड्या रंगाचीं सुरेख भांडीं करून त्यांवर काळ्या रेघांची नक्षी काढीत. संगमनेर तालुक्यांतील जोर्वे गांवीं तशीं भांडीं सांपडलीं, म्हणून विद्वानांनीं त्या संस्कृतीस जोर्वे हेंच नांव दिलें. आमच्या जिल्ह्यांतल्या एका खेड्याचें नांव त्यामुळें पुरातत्त्वाच्या ग्रंथांत कायमचें बसलें. हीं माणसें आपल्या मृतांस गांवाबाहेर नेत नसत. राहत्या घराच्या जमिनीखालींच पुरीत. लहान मूल गेलें तर दोन मडकीं तोंडास तोंड लावून आडवीं ठेवीत व त्यांत त्यास निजवीत. पुणें जिल्ह्यांतील इनामगांवीं याच लोकांच्या प्रौढ मृतांचे पाय घोट्यापाशीं तोडलेले आढळले. मृतानें उठून निघून जाऊं नये म्हणून तसें करीत असावे, असा कित्येकांचा तर्क आहे.

आतां काळाचा मेळ घालून पाहा. तुतनखामेन राजा वारला तो इ. स. पूर्वीं १३२३ च्या सुमारास. १९२२ सालीं हॉवर्ड कार्टर यांनीं त्याचें थडगें उघडिलें, तेव्हां आंतलें सोनें पाहून जग थक्क झालें. तें थडगें बंद होत होतें, त्याच शतकांच्या आगेंमागें प्रवरेकांठीं कोणी बाई आपल्या चुलीजवळची जमीन खणवून त्यांत दोन मडकीं ठेववीत होती. तिला सोनें मिळण्यासारखें नव्हतें. परंतु नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ सांपडली आहे. मण्यांच्या भोंकांत दोऱ्याचे तंतु टिकून राहिले होते, आणि परीक्षणांत ते रेशमाचे व कापसाचे निघाले. कोणीतरी तो दोरा वळला, मणी ओंवले, व माळ मुलाच्या गळ्यांतच राहूं दिली.

श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबादेसही आम्ही जाणार नाहीं, पण त्याची गोष्ट गाडींत सांगूं. तेथें १९७४ सालीं झाडाचें मूळ खणतांना एका गांवकऱ्यास कांशाचे रथ, हत्ती, गेंडा व रेडा सांपडले. चारही मिळून वजन ६० किलोंहून अधिक. तेथेंच कच्च्या विटांनीं बांधून काढलेली एक कबरही निघाली, ती नेवाशाच्या मडक्यांहूनही जुनी.

उत्खननांतील वस्तु पाहावयाच्या तर पुण्यास डेक्कन कॉलेजचें संग्रहालय आहे. त्याची सहल पुढल्या वर्षीं. यंदा आम्हीं असें ठरविलें आहे कीं, निघण्याच्या आदल्या दिवशीं कुंभाराकडून दोन मडकीं आणून वर्गांत तोंडास तोंड लावून ठेवावीं. मग टेकाडावरची माती रिकामी दिसणार नाहीं.

सोबत पाण्याची बाटली, जुने पण मजबूत बूट, विजेरी, मापाची दोरी, दुपारची भाकरी व कोऱ्या कागदांची वही आणावी. कबरीपाशीं व देवळांत जोडे बाहेर काढावे, आणि जेथें डोकें झांकण्याची रीत असेल तेथें झांकावें. खिळा, चाकू व रंगीत खडू आणूं नये. मागल्या खेपेस एका कमानीच्या गिलाव्यावर ताजें कोरलेलें नांव आम्हीं वाचलें, आणि तें आमच्याच वर्गांतलें निघालें. १९५८ च्या कायद्यानें संरक्षित वास्तूची अशी खराबी करणें हा गुन्हा आहे. तो मुलगा आतां मोठा झाला आहे. या सहलींत लहान मुलांची तुकडी सांभाळावयास तो आपण होऊन येणार आहे, व कमानीपाशीं उभें राहून काय सांगावयाचें तें त्याचें त्यानेंच ठरविलें आहे.

नांवें वर्गशिक्षकांकडे द्यावीं. ज्यांस गाडीभाडें जड जाईल त्यांच्या पालकांनीं आम्हांस शाळा सुटल्यावर एकट्यांस भेटावें.