बॉक्स आपला, कुलूप कंपनीचे: टीव्हीचा खरा खर्च

साताऱ्यात पोवई नाक्यावर असो की सांगलीत विश्रामबागेत, दुकानात शिरलेला ग्राहक टीव्हीचे इंच आणि सवलत पाहतो. टीव्हीत आणि त्याला जोडायच्या बॉक्समध्ये सॉफ्टवेअर कोणते आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. पुढची कित्येक वर्षे खिशातून किती जाणार, हे बरेचसे त्यावरच ठरते.

आधी बॉक्सचे पाहू. ग्रामीण भागात केबल डिजिटल करण्याची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ होती. तेव्हापासून बॉक्स घरोघर आले, पण एका डीटीएच कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. मोबाईलचे सिम बदलावे तशी इथे सोय नाही. कोणत्याही कंपनीच्या बॉक्सवर तेच परस्परसंवादी कार्यक्रम चालावेत, यासाठी युरोपात २००० च्या सुमारास ‘एमएचपी’ हे समान मानक आले. पुढे २०१० मध्ये ‘एचबीबीटीव्ही’ आले. आपल्याकडे प्रत्येक कंपनीने आपापले सॉफ्टवेअर आणि आपापले कुलूप लावले. बॉक्स कुठल्याही कंपनीकडे चालावेत, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने एप्रिल २०२० मध्ये केली. ग्राहकाच्या हिताची ती गोष्ट अजून प्रत्यक्षात उतरलेली नाही. म्हणून बॉक्स विकत आहे की भाड्याने, आणि जोडणी सोडली तर किती पैसे परत मिळतील, हे आधी लेखी घ्या.

आता दरमहाचा हिशेब. २०२० पासून २०० वाहिन्यांपर्यंत नेटवर्क शुल्काची, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याच्या शुल्काची, कमाल मर्यादा १३० रुपये होती. १८ टक्के जीएसटी धरून ते १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाला सुमारे १,८४० रुपये होतात. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. १९ रुपयांची एक वाहिनी करासह २२ रुपये ४२ पैशांना पडते. जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरची मर्यादा उठवली. बॉक्स बसवण्याच्या शुल्कावरची मर्यादाही गेली. त्यामुळे केबलवाल्याने सांगितलेला आकडा कंपनीच्या जाहीर दरपत्रकाशी ताडून पाहणे आता जास्त गरजेचे आहे. पॅक घेण्याआधी त्यातल्या किती वाहिन्या घरात खरोखर पाहिल्या जातात, हे मोजा. बहुतेक घरांत बिल इथेच कमी होते.

ज्यांना सह्याद्री, बातम्या आणि जुने चित्रपट पुरतात, त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश हा माझ्या मते सर्वांत चांगला पर्याय आहे. छत्री आणि बॉक्स मिळून साधारण दीड ते दोन हजार रुपये एकदाच लागतात, महिन्याचे काही नाही. म्हणजे वरच्या हिशेबातले जेमतेम वर्षभराचे नेटवर्क शुल्क. झी मराठी, स्टार प्रवाह तिथे नाहीत, हे मात्र घरातल्यांना आधी सांगा. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी ‘आयएस १८११२’ हे मानक केले आहे. अशा टीव्हीला छत्री थेट जोडली की खुल्या वाहिन्या बॉक्सशिवाय दिसतात. दुकानात असा टीव्ही आवर्जून मागा. मागणी झाली तरच दुकानदार ठेवतील.

छत्री लावताना आपल्या भागात तोंड आग्नेयेला आणि साधारण ६० अंश वर येते. डोंगर सहसा आड येत नाही, अंगणातला आंबा येतो. पाटण, जावळी, महाबळेश्वर पट्ट्यात मुसळधार पावसात डिशचे चित्र जाते. तिथे चांगली केबल किंवा फायबर असेल तर तीच घ्यावी. माण, खटाव, आटपाडी, जतकडे हा त्रास कमी.

स्मार्ट टीव्हीत सगळ्यात जास्त फसगत सॉफ्टवेअरमध्ये होते. स्वस्त टीव्हीवर ‘अँड्रॉइड’ लिहिलेले असते, पण गुगलचे प्रमाणपत्र नसते. मग प्ले स्टोअर मिळत नाही आणि काही ॲपवर चित्र कमी दर्जाचे दिसते. दुकानातच टीव्ही इंटरनेटला जोडून प्ले स्टोअर आणि तुमचे नेहमीचे ॲप उघडून दाखवायला सांगा. टायझेन किंवा वेबओएस या प्रणालीचा टीव्ही असेल तर त्याच्या ॲप स्टोअरमध्ये आपले ॲप आहे ना, ते पाहा. सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत होईल, हेही विचारा. नेटफ्लिक्स डिसेंबर २०१९ पासून काही जुन्या टीव्हींवर चालेनासे झाले होते. असे झाले तर टीव्ही विकू नका. एचडीएमआयला लावायची तीन ते पाच हजारांची स्टिक काम भागवते.

किमतीबाबत एक चांगली बातमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. करापूर्वी ३०,००० रुपयांचा टीव्ही पूर्वी ३८,४०० ला पडायचा, आता ३५,४०० ला पडतो. ‘सवलत’ म्हणून सांगितलेले तीन हजार ही करातलीच घट तर नाही ना, हे पक्क्या बिलावर तपासा.

ते बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे दाद मिळाली नाही, तर सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.